रेडिओच्या डायलवरचे मीटर: गरज की नुसती सवय?

सांजवारा

नमस्कार. घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ नुकताच दुरुस्त करून घेतला. त्याच्या डायलवर मीडियम वेव्हच्या पट्टीवर दोन मापे छापलेली आहेत. किलोसायकलचे (आजच्या भाषेत किलोहर्ट्झचे) आकडे डावीकडून उजवीकडे ५५० पासून १६०० पर्यंत वाढत जातात आणि मीटरचे आकडे त्याच दिशेने ५४५ पासून १८७ पर्यंत उतरत जातात. कुठल्याही जागी वरचा आणि खालचा आकडा गुणला की उत्तर तीन लाखांच्या आसपास येते. एवढे गणित मला कळते, त्यामुळे कृपया तेच पुन्हा समजावू नये.

मला विचारायचे आहे ते वेगळेच. आवाजाचा सूर किती उंच ते आपण हर्ट्झमध्ये सांगतो, तिथे कोणी मीटर काढत नाही. मग रेडिओतच लांबीचे एकक कसे शिरले, पुढे मीडियम वेव्हवरून ते हळूहळू का गेले, आणि शॉर्टवेव्हवर मात्र '२५ मीटर', '३१ मीटर' अजूनही का चालू आहे? माझे मत स्पष्ट सांगतो. एका गोष्टीला दोन मापे असणे म्हणजे वाडवडिलांच्या सवयीचे ओझे आहे आणि ते केव्हाच उतरवायला हवे होते.

निरक्षीर

तीन लाख म्हणजे प्रकाशाचा वेग, किलोमीटर दर सेकंद. धागा संपला.

फळाखडू

निरक्षीर, धागा इतक्यात संपत नाही. मूळ प्रश्न 'का' असा आहे आणि त्याचे उत्तर सूत्रात नसून इतिहासात आहे.

हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथे रेडिओलहरींचे पहिले प्रयोग केले, तेव्हा सेकंदाला कोट्यवधी वेळा होणारी आंदोलने मोजील असे कोणतेही साधन जगात नव्हते. मोजपट्टी मात्र होती. त्यांनी दालनाच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून लहरी परतवल्या, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरींच्या मेळातून स्थिर लहर तयार झाली, आणि ठिणगी कुठे पडते व कुठे विझते हे पाहत त्या लहरीचे निष्पंद बिंदू, म्हणजे आंदोलन शून्य होते त्या जागा, शोधले. लगतच्या दोन निष्पंदांमधले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या, त्यांना आपल्या विद्युत मंडलाच्या रचनेवरून हिशेबाने काढावी लागली. म्हणजे तरंगलांबी हे मोजमाप होते आणि वारंवारिता हे अनुमान. विनोद असा की ज्यांना हर्ट्झ मोजता आले नाहीत, त्यांचेच नाव पुढे वारंवारितेच्या एककाला मिळाले.

१८८८ च्या सुमारासच एर्न्स्ट लेखर यांनी दोन समांतर तारांवर अशीच स्थिर लहर उभी करून तारेवरून लांबी वाचण्याची सोपी रीत दिली. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर काम करत होते आणि त्या लहरींची लांबी त्यांनी विवर्तन जाळीने (समांतर पट्ट्यांच्या जाळीने) मोजली. आज आपण त्याला सहजपणे ६० गिगाहर्ट्झ म्हणतो, पण त्यांच्या टेबलावर असलेली खरी राशी लांबी हीच होती. लांबीचे एकक रेडिओत कोणी बाहेरून आणले नाही, ते जन्मापासून तिथेच होते.

सांजवारा

फळाखडू सर, हे पटले. पण मग ते गेले का?

तारमास्तर

माझे आयुष्य तारायंत्र आणि जहाजांवरच्या रेडिओत गेले, त्यामुळे या प्रश्नाची व्यवहारातली बाजू मांडतो.

सुरुवातीला केंद्रे थोडी होती आणि माणसे मीटरमध्येच बोलत. १९०६ च्या बर्लिन परिषदेने जहाजांच्या सार्वजनिक संदेशांसाठी ३०० आणि ६०० मीटर या दोन लांबी ठरवल्या. १९१२ मध्ये टायटॅनिकने मदत मागितली तीही ६०० मीटरवर. पुढे त्याच जागेला ५०० किलोहर्ट्झ म्हणू लागले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती जहाजांसाठी संकटसंदेशाची वारंवारिता राहिली. त्याच १९१२ मध्ये अमेरिकेने हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी दिल्या, कारण इतक्या आखूड लहरी लांब जात नाहीत, म्हणजे निरुपयोगी, असा समज होता. १९२३ च्या नोव्हेंबरात त्याच हौशी मंडळींनी ११० मीटरच्या आसपास अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी संवाद साधला. कचऱ्यात टाकलेला माल नंतर सोन्याच्या भावाने परत घ्यावा लागला, असेच म्हणावे लागेल.

अडचण ध्वनिप्रक्षेपण सुरू झाल्यावर आली. अमेरिकेत १९२१-२२ मध्ये बहुतेक सगळ्या मनोरंजन केंद्रांना ३६० मीटर ही एकच लांबी दिलेली होती, आणि एकाच गावातल्या केंद्रांना वेळ वाटून घ्यावी लागे. केंद्रे वेगळी करायची तर त्यांच्यात किती मोकळी जागा ठेवायची हा प्रश्न आला. इथे मीटर उपयोगाचा नाही, कारण गाण्याला किंवा बोलण्याला वाहक लहरीच्या (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीच्या) दोन्ही बाजूंना जी रुंदी लागते ती किलोहर्ट्झमध्ये ठरते आणि पट्ट्याच्या कोणत्याही टोकाला तेवढीच राहते. मीटरमध्ये ती रुंदी जागेप्रमाणे बदलते. ५५८ वरून ५६७ किलोहर्ट्झवर जा, लहर सुमारे साडेआठ मीटरने आखूड होते. १५९३ वरून १६०२ वर जा, अंतर तेच ९ किलोहर्ट्झचे आहे, पण लहर जेमतेम एका मीटरने आखूड होते. 'दोन केंद्रांत पाच मीटरचे अंतर ठेवा' असा नियम केला असता तर एका टोकाला केंद्रे एकमेकांच्या अंगावर चढली असती आणि दुसऱ्या टोकाला जागा वाया गेली असती.

त्याच सुमारास क्वार्ट्झच्या स्फटिकाने प्रक्षेपकाची वारंवारिता पक्की धरून ठेवता येऊ लागली. जी राशी आधी अनुमानाने काढावी लागे, तीच आता सर्वांत अचूक झाली. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेच्या वाटपतक्त्यात किलोसायकल प्रथम आणि मीटर शेजारी, तेही अंदाजे, असा क्रम आला. तुमच्या डायलवरच्या दोन पट्ट्या त्याच तडजोडीच्या वंशातल्या आहेत.

प्रश्नचिन्ह

तारमास्तर काका, ५५८ आणि ५६७ हेच आकडे का घेतलेत? ५५० आणि ५६० का नाही?

तारमास्तर

कारण आपल्याकडे मीडियम वेव्हवरची केंद्रे नऊच्या पाढ्यात बसवलेली आहेत. १९७५ मध्ये जिनिव्हात युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या देशांसाठी ही योजना ठरली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. आकाशवाणीचे आकडे पडताळून पाहावेत. पुणे ७९२ म्हणजे नऊ गुणिले ८८. मुंबई ५५८ म्हणजे नऊ गुणिले ६२. नागपूर ५८५, सांगली १२५१, पणजी १२८७, सगळ्यांना नऊने पूर्ण भाग जातो. अमेरिकेत मात्र दहा-दहाचे अंतर आहे.

आता हेच मीटरमध्ये करून पाहा. पुणे ३७८.५, सांगली २३९.६, पणजी २३२.९. यात कोणतीही शिस्त दिसत नाही.

रुळाबाहेर

शाळेत नऊचा पाढा पाठ करून घेतला तो रेडिओ लावण्यासाठी होता, हे गुरुजींनी तेव्हाच सांगितले असते तर आम्ही आनंदाने म्हटला असता.

निरक्षीर

थोडी दुरुस्ती. ७९२ ला तीन लाख भागिले केले तर ३७८.८ येतात, ३७८.५ नाहीत.

फळाखडू

तारमास्तरांचा आकडा बरोबर आहे. प्रकाशाचा वेग तीन लाख नसून २,९९,७९२.४५८ किलोमीटर दर सेकंद आहे. फरक टक्क्याच्या सात-शतांशाएवढा, म्हणजे अँटेनासाठी नगण्य, पण आकडा दशांशापर्यंत लिहायचा असेल तर दिसण्याइतका. तुम्ही पहिल्याच प्रतिसादात धागा संपवला होता, म्हणून मुद्दाम सांगितले.

चाळीसमीटरवाला

मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, आहे आणि मूळ लेखकाच्या 'ओझे' या शब्दाला माझा आक्षेप आहे.

वारंवारिता ही नियोजन करणाऱ्याची आणि परवाना देणाऱ्याची राशी असेल, पण गच्चीवर तार ताणणाऱ्याची राशी लांबी हीच आहे. ७.१ मेगाहर्ट्झवर अर्ध्या लहरीचा डायपोल (दोन भुजांचा तारेचा अँटेना) करायचा तर मला तार कापावी लागते आणि कात्रीला मेगाहर्ट्झ कळत नाही. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते, इथे सुमारे २०.१ मीटर. मोकळ्या अवकाशातली अर्धी लहर २१.१ मीटर भरते. तारेची जाडी आणि टोकांचा परिणाम यांमुळे प्रत्यक्षात जवळपास पाच टक्के कमी घ्यावी लागते. तरीही आधी थोडी जास्त कापावी आणि मग छाटत यावे, कारण तार तोडता येते, वाढवता येत नाही. '४० मीटर' हा शब्द ऐकला की मला तारेचा, खांबांचा आणि गच्चीचा अंदाज लगेच येतो. '७ मेगाहर्ट्झ' ऐकून तो येत नाही.

शिवाय आमचे जुने पट्टे १६०, ८०, ४०, २०, १० असे निम्म्या-निम्म्याने उतरतात. ही नावे गंमत म्हणून पडलेली नाहीत. प्रक्षेपकातून मूळ वारंवारितेच्या दुप्पट, चौपट अशा नको असलेल्या लहरी निघतात. त्या निदान हौशी पट्ट्यांतच पडाव्यात, दुसऱ्याच्या डोक्यावर पडू नयेत, असा त्यामागे विचार होता.

सांजवारा

आक्षेप मान्य आहे, पण एक शंका विचारतो. रेडिओ केंद्रांचा ४१ मीटर आणि तुमचा ४० मीटर हे शेजारी आहेत ना? मग ४१ चा पट्टा लांब लहरींचा आणि तुमचा आखूड लहरींचा असला पाहिजे.

चाळीसमीटरवाला

असला पाहिजे, पण नाही! आपल्याकडे हौशी पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे खरी तरंगलांबी ४२.८ ते ४१.६ मीटर. त्याच्या वर ७.२ पासून ७.४५ पर्यंत प्रक्षेपण केंद्रांचा '४१ मीटर', तो प्रत्यक्षात ४१.६ ते ४०.२ मीटर. म्हणजे चाळीसच्या पट्ट्यात एकही लहर चाळीस मीटरची नाही आणि एकेचाळीसच्या पट्ट्यातल्या लहरी आमच्यापेक्षा आखूड आहेत.

निरक्षीर

यालाच मी सवयीचे ओझे म्हणेन. मूळ लेखकाच्या बाजूने एक मत.

चाळीसमीटरवाला

नाव आणि मोजमाप यांत गल्लत करू नये. 'चाळीस मीटर' हे गल्लीचे नाव आहे, घराचा पत्ता नाही. पत्ता आम्हीही किलोहर्ट्झमध्येच देतो.

मोजपट्टी

चर्चा मीटरवरच अडली आहे, म्हणून फूट आणि इंच यांचीही बाजू मांडतो, कारण मूळ प्रश्न लांबीच्या एककांचा आहे.

इंग्रजी पुस्तकांवर शिकलेले आपले अनेक ज्येष्ठ हॅम अजूनही ४६८ ला मेगाहर्ट्झने भागतात आणि उत्तर फुटांत काढतात. १४३ चे ते जुळे भावंड आहे. एका नॅनोसेकंदात प्रकाश ११.८ इंच जातो, म्हणजे फुटाला किंचित कमी. अमेरिकन नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर तेवढ्या लांबीचे तारेचे तुकडे श्रोत्यांना वाटत आणि 'हा नॅनोसेकंद' असे सांगत. एकके वेगळी असली तरी वेळ, लांबी आणि वारंवारिता यांचे नाते इतक्या थेटपणे हातात देणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

इंचांचा खरा बालेकिल्ला म्हणजे सूक्ष्मलहरींच्या धातूच्या नळ्या, म्हणजे वेव्हगाइड. डब्ल्यूआर-९० हे नाव ऐकले असेल. त्यातले ९० म्हणजे नळीची आतली रुंदी, इंचाच्या शंभराव्या भागांत: ०.९ इंच, अर्थात २२.८६ मिलिमीटर. अशा नळीतून रुंदीच्या दुपटीहून लांब लहर नेहमीच्या पद्धतीने जाऊच शकत नाही. दुप्पट केली तर ४५.७ मिलिमीटर येतात, म्हणजे ६.५६ गिगाहर्ट्झखालचे सगळे अडते. नळीच्या नावातच तिची सीमा लिहिलेली असते, फक्त इंचांत. तीन सेंटिमीटरच्या रडारसाठी ही नळी सर्रास वापरली जाते.

प्रश्नचिन्ह

म्हणजे नावात इंच, वापरात सेंटिमीटर आणि उपकरणावर गिगाहर्ट्झ?

मोजपट्टी

होय, आणि एकाच माणसाच्या तोंडून एकाच वाक्यात.

घोडनदी

मी नारायणगावच्या बाजूचा असल्यामुळे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा उल्लेख अजून झाला नाही याचे आश्चर्य वाटते. तिच्या नावातला 'एम' हा 'मीटरवेव्ह'चा आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण आकाशातल्या मीटरभर, अर्ध्या मीटरच्या लहरींसाठीच आखलेली आहे: १५० मेगाहर्ट्झला दोन मीटर, तर वरच्या टोकाला सुमारे वीस सेंटिमीटर.

लांबीचा विचार इथे केवळ नावापुरता नाही. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन आणि वाऱ्याचा जोर यांनी खर्च आटोक्याबाहेर गेला असता. त्याऐवजी स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून बसवली आहे. जाळीची भोके मध्यभागी १० मिलिमीटरची आणि कडेला २० मिलिमीटरची आहेत. वीस सेंटिमीटरच्या लहरीला ती भोके दिसतच नाहीत, तिच्या दृष्टीने तो सलग आरसाच असतो. वारा मात्र आरपार जातो. हा निर्णय 'किती मेगाहर्ट्झ' असे विचारून सुचत नाही, 'लहर किती लांब' असे विचारल्यावरच सुचतो.

दुसरी गोष्ट तबकड्यांच्या मांडणीची. चौदा तबकड्या मध्यभागी एका चौकात आणि सोळा तीन भुजांवर आहेत, सर्वांत दूरचे अंतर सुमारे २५ किलोमीटर. दुर्बिणीला किती बारीक दिसेल हे तरंगलांबी भागिले हे अंतर, यावर ठरते. २१ सेंटिमीटरला ते सुमारे दोन विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येते आणि दोन मीटरला त्याच्या जवळपास दहापट जाडे. दोन लांबींचे गुणोत्तर, बस्स.

रुळाबाहेर

२१ सेंटिमीटर म्हणजे हायड्रोजनचे ना? ते खगोलशास्त्रज्ञ मेगाहर्ट्झमध्ये का सांगत नाहीत?

घोडनदी

दोन्ही सांगतात. उदासीन हायड्रोजनची ती रेषा १४२०.४ मेगाहर्ट्झची, म्हणजे २१.१ सेंटिमीटरची. दूरच्या दीर्घिकेतून ती विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन ४२ सेंटिमीटरला पोचली तरी तिला 'एकवीस सेंटिमीटरची रेषा' असेच म्हणतात आणि यंत्र ७१० मेगाहर्ट्झवर लावतात. चाळीसमीटरवाले म्हणतात तसे, नाव वेगळे आणि मोजमाप वेगळे.

निरक्षीर

आता मीच लांबीच्या बाजूने एक पुरावा देतो, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. रेडिओलहरींचे विभाग पाहा: व्हीएचएफ ३० ते ३०० मेगाहर्ट्झ, यूएचएफ ३०० ते ३००० मेगाहर्ट्झ. या सीमा तिनाच्या का? वारंवारिता मुख्य मानून कोणी सीमा आखल्या असत्या तर १० आणि १०० घेतल्या असत्या. तीन घेतले कारण पलीकडच्या बाजूला लांबी १० मीटर, १ मीटर, १० सेंटिमीटर अशी पूर्ण येते. म्हणजे हर्ट्झमध्ये लिहिलेल्या या सीमा मुळात मीटरवरच आखलेल्या आहेत.

यावरून एक चिमटा. फाइव्ह-जीच्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला सर्रास 'मिलिमीटर वेव्ह' म्हणतात. लहर साडेअकरा मिलिमीटरची आहे, तर मिलिमीटर लहरींचा विभाग ३० गिगाहर्ट्झपासून, म्हणजे १० मिलिमीटरपासून खाली सुरू होतो. जाहिरातवाल्यांनी सेंटिमीटरला मिलिमीटर म्हणून खपवले.

फळाखडू

निरक्षीर, हा तुमचा आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण 'दोघांपैकी खरे कोण' हा त्याचा गाभा आहे. लहर हवेतून केबलमध्ये शिरली की तिचा वेग घटतो. साध्या पॉलिथिनच्या कोॲक्सियल केबलमध्ये तो प्रकाशवेगाच्या सुमारे ६६ टक्के राहतो. हवेतली तीन मीटरची एफएम लहर केबलमध्ये दोन मीटरची होते, पण १०० मेगाहर्ट्झ १०० च राहतात. माध्यम बदलले तरी टिकते ती वारंवारिता. म्हणून परवान्यावर आणि कायद्यात तीच लिहिणे योग्य आहे.

दुसरे म्हणजे गेल्या शतकात या दोघांची जागाच उलटली. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लुई एसेन यांनी धातूच्या पोकळ नळकांड्याची लांबी मोजली, त्यात सूक्ष्मलहर कोणत्या वारंवारितेला घुमते ते मोजले, आणि त्या दोहोंवरून १९५० मध्ये प्रकाशाचा वेग २,९९,७९२.५ किलोमीटर दर सेकंद असा काढला. तोवर मीटर पक्का होता आणि वेग मोजायचा होता. १९६७ मध्ये सेकंद सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर बांधला गेला. १९८३ मध्ये प्रकाशाचा वेगच २९,९७,९२,४५८ मीटर दर सेकंद असा ठरवून टाकला आणि मीटर म्हणजे सेकंदाच्या तेवढ्याव्या भागात प्रकाश निर्वातात जितका जातो तितके अंतर, अशी व्याख्या झाली. हर्ट्झ यांना लांबी मोजून वारंवारिता काढावी लागली होती. आज आपण वारंवारिता मोजून लांबी काढतो, आणि प्रयोगशाळेतला मीटरसुद्धा तसाच निघतो.

सांजवारा

फळाखडू सर, 'ओझे' हा शब्द जरा कडक होता असे आता म्हणतो, परंतु डायलवर मीटर छापण्याला अजूनही कारण दिसत नाही. श्रोता तार कापत नाही.

तारमास्तर

शॉर्टवेव्हवर श्रोत्यालाही त्याचा उपयोग आहे. २५ मीटरचा पट्टा म्हणजे साधारण ११.६ ते १२.१ मेगाहर्ट्झ. जुन्या डायलवर त्यातले पाच-पाच किलोहर्ट्झचे टप्पे छापणे शक्यच नव्हते, कारण काट्याची जाडीच त्याहून जास्त भरे. म्हणून पट्ट्याचे नाव छापायचे आणि पुढचे काम कानावर सोडायचे. रात्री ४९ आणि ४१, दुपारी १९ आणि १६, हे लहरींच्या स्वभावाचे वेळापत्रकही त्याच नावांनी लक्षात राहते. सिलोन ऐकणाऱ्या पिढीला हे पाठ होते. मेगाहर्ट्झचे आकडे फारच थोड्यांना पाठ असतील.

मीडियम वेव्हवर मात्र तुमचे म्हणणे मला मान्य आहे. तिथे किलोहर्ट्झ पुरेसे होते.

प्रश्नचिन्ह

व्यवहाराचा प्रश्न. मला ३१ मीटर ऐकायचा आहे. गच्चीची लांबी सुमारे ११ मीटर आहे. डायपोल बसेल का?

चाळीसमीटरवाला

९.६ मेगाहर्ट्झ धरला तर १४३ भागिले ९.६, म्हणजे १४.९ मीटर. सरळ रेषेत बसणार नाही. मध्यभागी एक खांब उभा करावा आणि प्रत्येकी ७.४५ मीटरच्या दोन्ही भुजा तिरक्या खाली उतरवून उलटा व्ही करावा. ५.५ मीटर आडवे अंतर मिळत असेल तर खांबाचा माथा आणि तारेचे टोक यांत साधारण ५ मीटरचा उतार लागेल. टोकांना इन्सुलेटर आणि नायलॉनची दोरी बांधावी. तार तुटून पडली तरी विजेच्या तारांवर जाणार नाही अशी जागा निवडावी. वळवाच्या दिवसांत रेडिओपासून काढून ठेवावी. नुसते ऐकायचे असेल तर लांबी हातभर कमीजास्त झाली तरी काही बिघडत नाही. प्रक्षेपण करायचे असेल तर आधी परवाना काढा, मग सेंटिमीटर मोजू.